घुमटाचे कातडे कुणाचे?

चवथ जवळ आली की गोंयकाराला घुमट आठवते, मग तो पणजीत असो की आमच्यासारखा सिल्वासाच्या डोकमर्डीत. भाजलेल्या मातीचे, दोन्ही तोंडे उघडी असलेले हे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे, लहान तोंडावर वादकाचा तळहात. हे कातडे पूर्वी घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड मारणे गुन्हा ठरला आणि पुढे बकरीचे कातडे आले. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले.

तरीही काही जाणकार म्हणतात, घोरपडीचा नाद तो घोरपडीचाच. असेलही. पण नाद काय एकट्या कातड्याचा? मडक्याच्या पोटातली हवा, कातड्याचा ताण, तळहाताची उघडझाप, सगळे मिळून तो घडतो. आणि समजा थोडा उणा पडला, तरी आरतीसाठी रानातला जीव मारणे कुठल्या देवाला रुचेल?

मग कुणी विचारतो, प्लास्टिकच का लावू नये? मला ते पटत नाही. ज्या बोकडाचे मटण आपण मिटक्या मारीत खाल्ले, त्याचे कातडे उकिरड्यावर फेकण्यापेक्षा त्याला आवाज देणे अधिक माणुसकीचे. मात्र ते कुणाचे, हे विसरू नये. देव्हाऱ्यातला शंख हे एका समुद्री गोगलगायीचे घर होते, चवरी हे वनगायीच्या शेपटीचे केस. आपण पूजा करतो, पण त्या जीवाची आठवण ठेवत नाही.

इथल्या वारल्यांचा तारपा पाहा. वाळका भोपळा, बांबू आणि ताडाची पाने. कातड्याचा तुकडाही नाही, तरी त्यावर सगळा पाडा नाचतो. म्हणजे कातड्यावाचून कला अडत नाही. वापरलेच, तर त्याचे ऋण मानायला हवे.

आणि हे ऋण एकट्या जनावराचे नाही. वाद्याला आपण देवळात मान दिला, पण कातडे कमावणाऱ्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या पायरीखाली उभे केले. जनावराविषयी कळवळा आणि माणसाविषयी विटाळ, ही कसली करुणा?

म्हणून घुमट आरतीच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना एकच सुचवतो. वादकांबरोबर मडके घडवणाऱ्या कुंभाराचे आणि कातडे मढवणाऱ्याचे नावही मंचावरून घ्या. वाद्याला आपण नमस्कार करतोच. तो कुणाकुणाला पोचतो, एवढे कळले तरी पुष्कळ.