रिपब्लिकन ऐक्य: चार खासदार आणि पुन्हा गट

बाबासाहेबांच्या संकल्पनेतला रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झाला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांच्या सत्याग्रहात हजारो माणसे तुरुंगात गेली. पुढे गटबाजी झाली. समाजाच्या रेट्याने झालेल्या ऐक्यातून, काँग्रेसशी युती करून, १९९८ मध्ये प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले हे चौघेही खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले. १९९९ च्या निवडणुकीपर्यंत ऐक्य फुटले; चौघांपैकी दोघेच परत निवडून आले.

समाज एक झाला होता, नेते फक्त एकत्र बसले होते. ऐक्य जागावाटपापुरते राहिले, शाखांपर्यंत उतरले नाही. तरुणांनो, 'ऐक्य कधी?' हे विचारण्याआधी आपल्या वस्तीत शाखा आहे का, तिचे पदाधिकारी कोण निवडतो, हे विचारा.