अंदमानची सहल आखताना

दिवाळी सरली की मध्यमवर्गीय मराठी घरांत पुढच्या सुट्टीचे बेत सुरू होतात. पूर्वी आजोळ, कोकण किंवा एखादे तीर्थक्षेत्र एवढीच या बेतांची धाव असे. आता ती बेटांपर्यंत पोहोचली आहे. जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी भारताविषयी अनुदार उद्गार काढले, तेव्हा अनेक कुटुंबांनी स्वदेशातील बेटांकडे मोहरा वळवला. हे स्वागतार्हच आहे. परंतु तिकिटावरचे गाव बदलले म्हणून प्रवाशाची दृष्टी बदलतेच असे नाही.

मध्यंतरी एका स्नेह्यांनी अंदमान सहलीचा छापील कार्यक्रम माझ्यापुढे ठेवला. पाच रात्री, सहा दिवस. सागरकिनारे, काचेच्या तळाची नौका, प्रवाळदर्शन, खरेदी. सेल्युलर जेलच्या वाट्याला पहिल्या दिवसाचा एक तास, तोही विमानातून उतरल्या उतरल्या, मुले पेंगुळलेली असताना. माझ्या चेहऱ्यावरचा भाव ओळखून स्नेही म्हणाले, "अहो, मुलांची सुट्टी आहे, इतिहासाचा तास नव्हे!"

त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. मुलांनी समुद्रात मनसोक्त डुंबावे, वाळूत लोळावे, राधानगरच्या किनाऱ्यावर मावळता सूर्य पाहावा. तो आनंद हिरावून घेणारी देशभक्ती रूक्षच म्हणावी लागेल. प्रश्न आनंद की इतिहास हा नाहीच. आपण जिथे आनंद लुटणार आहोत ती भूमी कोणाची आहे, एवढे मुलांना ठाऊक असावे की नसावे, हा खरा प्रश्न आहे.

१८५७ चा संग्राम चिरडल्यानंतर १८५८ च्या मार्चमध्ये पहिल्या बंदिवानांना येथे आणून जंगलतोडीला जुंपण्यात आले. पुढे १८९६ ते १९०६ या काळात सेल्युलर जेल उभे राहिले. मध्यवर्ती मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघालेल्या सात इमारती, आणि प्रत्येकीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे. एका बंदिवानाला दुसऱ्याचा चेहरासुद्धा दिसू नये अशी ती योजना होती. त्यांपैकी तीनच आज उरल्या आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकर ४ जुलै १९११ रोजी येथे आले, तेव्हा त्यांचे वय २८ होते आणि शिक्षा ५० वर्षांची. थोरले बंधू बाबाराव आधीपासून त्याच तुरुंगात होते, तरीही भावाभावांची भेट दीर्घकाळ झाली नाही. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहित मोइत्र आणि मोहन किशोर नामदास यांनी प्राण वेचले. ही नावे किती मराठी मुलांच्या कानांवर पडली आहेत?

म्हणून सहलीची आखणी घरातच सुरू व्हावी. निघण्यापूर्वी महिनाभर रात्रीच्या जेवणानंतर 'माझी जन्मठेप'मधली चार-दोन पाने आजोबांनी किंवा आईने वाचून दाखवावीत. मग कोलू पाहताना मुलाला ते जुने यंत्र वाटणार नाही. माणसाला बैलाच्या जागी जुंपून रोज ३० पौंड तेल काढायला लावणे म्हणजे काय, हे त्याला न सांगता कळेल. कारागृहासाठी एक अख्खी सकाळ राखून ठेवावी. ते कोणत्या दिवशी बंद असते याची आधी चौकशी करावी.

बाकीची आखणीही डोळसपणे व्हावी. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ बरा. घड्याळ आपलेच असले तरी सूर्य तेथे मुंबईपेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतोही, तेव्हा दिवस पहाटेच सुरू करावा. समुद्र खवळला की नौका रद्द होतात; म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र दूरच्या बेटावर नको, मुख्य शहरातच हवी. त्या शहराला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, सप्टेंबर २०२४ पासून श्रीविजयपुरम म्हणतात.

नावांचीही एक कथा आहे. ज्या हॅवलॉक आणि नील यांनी १८५७ चा उठाव रक्तात बुडवला, त्यांचीच नावे दोन रम्य बेटे दीडशे वर्षे मिरवत होती. डिसेंबर २०१८ मध्ये ती स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली. नेताजींनी १९४३ मध्ये या द्वीपसमूहांसाठी हीच नावे योजली होती. शहीद द्वीपावर भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्याशी दोन शब्द बोला. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उखडल्या गेलेल्या कुटुंबांना सरकारने येथे वसवले. त्यांची नातवंडे आज आपल्याला शहाळे देतात.

आता एक कटू गोष्ट. जारवांच्या राखीव वनातून जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटकांपुढे जारवा स्त्रियांना खाण्याचे आमिष दाखवून नाचवल्याची चित्रफीत जानेवारी २०१२ मध्ये साऱ्या जगाने पाहिली. त्यांची छायाचित्रे घेणे, त्यांना खाऊ देणे हा गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी आपल्याला लाज वाटायला हवी होती. वनवासी बांधव म्हणायचे आणि गाडीच्या खिडकीतून त्यांना प्राण्यांसारखे न्याहाळायचे, हा दुटप्पीपणा आपल्याला शोभत नाही. ते 'प्रेक्षणीय स्थळ' कार्यक्रमातून वगळावे, आणि का वगळले तेही मुलांना सांगावे. तसेच किनाऱ्यावरचे प्रवाळ उचलून आणू नये. उन्हाळ्यात तेथे गोड्या पाण्याची टंचाई असते, याचे भान हॉटेलच्या न्हाणीघरातही असावे.

स्नेह्यांनी अखेर कार्यक्रम बदलला. जेलसाठी दुसऱ्या दिवसाची सकाळ, आणि दुपारनंतर समुद्र. परत आल्यावर त्यांच्या सातवीतल्या मुलीने मला विचारले, "काका, दोघे भाऊ एकाच तुरुंगात होते, मग त्यांना भेटू का नाही दिले?" उत्तर देताना माझाच आवाज क्षणभर अडखळला. तिला समुद्रही आठवत होता, शंखशिंपलेही आठवत होते. पण प्रश्न मात्र तिने हा विचारला.