दुकान नोएडात, सर्व्हर कुठे?

नोएडा, गुरुग्राम, गाझियाबादकडची मराठी कुटुंबे गोडा मसाला, भाजणी, दिवाळीचा फराळ ऑनलाइन विकायला लागली की घरात पहिला वाद होतो तो वेबसाइटच्या रंगावरून. होस्टिंग मात्र भाच्यावर सोपवलेले असते. तो कम्प्युटरमधला, त्याला कळते.

भाच्याला हल्ली जवळचा सर्व्हर हवा असतो, आणि त्याचे चुकते असेही नाही. गूगल क्लाउडने 2021 मध्ये दिल्ली परिसरात केंद्र सुरू केले, पुढच्या वर्षी ग्रेटर नोएडात योट्टाचे डेटा सेंटर उभे राहिले. पण जवळ म्हणजे किती जवळ? काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन परत यायचे तर चोवीस हजार किलोमीटर, म्हणजे निदान 120 मिलिसेकंद. प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला थांबल्यासारखे वाटते. मुंबईची फेरी मात्र वीस-तीस मिलिसेकंदांत होते, ती कोणाला जाणवतही नाही. तेव्हा भारत की परदेश हा प्रश्न खरा. मुंबई की नोएडा यावर घरात भांडू नये. परदेशी सर्व्हरवाले म्हणतील, सीडीएन लावा, म्हणजे साइटच्या प्रती गिऱ्हाइकाजवळच्या सर्व्हरांवर ठेवणारी सेवा घ्या. फोटोंपुरते ते खरे आहे, पण ऑर्डर आणि गिऱ्हाइकाचे खाते मूळ सर्व्हरपर्यंत जाऊनच यावे लागते.

शेअर्ड होस्टिंग म्हणजे चाळीतला सामाईक नळ. एरवी पाणी पुरते. दिवाळीच्या आठवड्यात शेजाऱ्याने मोठा हंडा लावला की आपली धार बारीक होते. शिवाय पहिल्या वर्षीचा दर हा गळ असतो, नूतनीकरणाचा दर बघून मगच पैसे भरावेत. क्लाउडवर जागा हवी तेव्हा वाढवता येते, पण बिलही वाढते आणि लक्ष ठेवणारा माणूस लागतो. दिवसाला वीस-तीस ऑर्डरी असणाऱ्या दुकानाने क्लाउडच्या मागे लागणे मला तरी हौसच वाटते. मात्र निम्मी कमाई दिवाळीच्या पंधरवड्यात होत असेल, तर माझेच मत डळमळते. 99.9 टक्के सेवेची हमी दिली, तरी वर्षाला पावणेनऊ तास साइट बंद राहू शकते. ते तास धनत्रयोदशीला आले तर भरपाई म्हणून बहुधा होस्टिंगच्या शुल्कातून काही रक्कम वळती होते. डब्यात पडून राहिलेल्या चकल्यांचे पैसे कोणी देत नाही.

कायद्याची भीती थोडी जास्तच घातली जाते. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये पेमेंटची माहिती भारतातच ठेवायला सांगितले, पण तो भार मुख्यतः पेमेंट कंपन्यांवर आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही परदेशी सर्व्हरवर सरसकट बंदी घातलेली नाही. गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर सांभाळायची जबाबदारी मात्र दुकानदाराचीच.

भीती बाळगायचीच तर आगीची बाळगावी. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळून खाक झाले. काही ग्राहकांचा बॅकअप त्याच आवारात होता, तोही गेला. दिल्ली तर भूकंपप्रवण. साइट नोएडात ठेवलीत तर प्रत मुंबईला किंवा हैदराबादला असावी, तीही जमल्यास दुसऱ्या कंपनीकडे, आणि ती परत चढवता येते का हे दिवाळीच्या आधीच करून बघावे. इथे पैसे वाचवणे मला पटत नाही.

आणि डोमेन कोणाच्या नावावर आहे? होस्टिंग चुकले तर महिन्याभरात बदलता येते, पण नाव भाच्याच्या खात्यात असेल आणि भाचा कॅनडाला गेलेला असेल, तर नूतनीकरणाचा ओटीपी जातो त्याच्या दिल्लीच्या जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर.