लढाई दिसते, निर्णय दिसत नाही

६ डिसेंबर २०१९ रोजी आशुतोष गोवारीकर यांचा 'पानिपत' प्रदर्शित झाला आणि १० जानेवारी २०२० रोजी ओम राऊत यांचा 'तान्हाजी'. अंतर अवघे पाच आठवड्यांचे. पहिला तिकीटबारीवर आपटला, दुसऱ्याने अफाट गल्ला जमवला. इतिहासाची गोडी असणाऱ्यांनी मात्र हा निकाल फिरवला पाहिजे, असे माझे मत आहे. आजचा धागा त्यासाठीच.

ऐतिहासिक चित्रपटांविषयीची आपली चर्चा बहुधा दोन टोकांना अडकते. एकीकडे पगडीचा घाट आणि तलवारीची मूठ तपासणारे, तर दुसरीकडे 'अंगावर काटा आला' एवढ्यावर तृप्त होणारे. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. पण पडद्यावरील माणसांपुढे त्या क्षणी कोणकोणते मार्ग खुले होते आणि त्यांतला एकच त्यांनी का निवडला, हे चित्रपट सांगतो का? माझी कसोटी ही आहे.

प्रथम 'तान्हाजी'. त्यातील कडेकपारी, रात्रीची चढाई, सह्याद्रीची छाती दडपून टाकणारी उंची हे सारे प्रभावी आहे. १९२३ साली कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी 'सिंहगड' हा मूकपट काढला, तेव्हा रात्रीची दृश्ये कृत्रिम प्रकाशात टिपणे हेच मोठे धाडस होते. तेथपासून आपले तंत्र कोठवर आले, हे 'तान्हाजी' पाहताना जाणवते. परंतु कथेच्या मुळाशी काय आहे? कोंढाण्यावरून राजगडावर मारा करू शकणारी 'नागिन' नावाची एक अजस्र तोफ! या दोन गडांमध्ये सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर अंतर आहे. सतराव्या शतकातील कोणत्याही तोफेचा पल्ला त्याच्या जवळपासही जात नव्हता.

तोफ काल्पनिक आहे, ही माझी मुख्य तक्रार नव्हे. तिने ज्या गोष्टीची जागा बळकावली, तिचे मला दुःख आहे. पुरंदरच्या तहात, जून १६६५ मध्ये, महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले. त्यांत कोंढाणा होता. १६६६ मध्ये आग्र्याहून सुटका झाली. त्यानंतरही तीनएक वर्षे महाराजांनी उघड युद्ध पुकारले नाही. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेतला आणि ८ मार्च रोजी पुरंदरही परत आला. मग इतकी वर्षे थांबण्याचे कारण काय? आणि १६७० च्या आरंभीच वेळ साधण्याचे कारण काय? दख्खनमध्ये शहजादा मुअज्जम आणि दिलेरखान एकमेकांच्या जिवावर उठले होते. मोगली फळीतील ही भेग महाराजांनी अचूक हेरली. वाट पाहणे हाही पराक्रमच असतो. तो पडद्यावर दाखवणे अवघड, एवढेच. मग तोफ आणली जाते, समोर उदयभान नावाचा राक्षस उभा केला जातो आणि राजकारण गुंडाळून ठेवले जाते. (जाता जाता : 'गड आला पण सिंह गेला' म्हणून सिंहगड हे नाव पडले, असे आपण शाळेत शिकतो. पण ते नाव तानाजींच्या मृत्यूपूर्वीच्या पत्रव्यवहारातही आढळते.)

आता 'पानिपत'. या चित्रपटाचे दोष मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल. सदाशिवरावभाऊ आणि पार्वतीबाई यांच्या प्रणयाला नको तितका वेळ दिला आहे, पार्वतीबाईंच्या हाती तलवार देण्याचा मोह आवरलेला नाही आणि अब्दाली खलनायकाच्या ठरलेल्या साच्यातून उचलला आहे. तरीही मराठ्यांच्या उत्तरेतील मोहिमेचा सांगाडा येथे दिसतो. पैशाची चणचण आहे, दुथडी भरलेली यमुना आहे. लढाऊ फौजेच्या पाठीशी यात्रेकरूंचा आणि बाजारबुणग्यांचा लोंढा आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडून त्यांची दक्षिणेकडील वाट अडवली. पुढचे अडीच महिने दोन्ही सैन्ये समोरासमोर होती. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे रणात उतरले ते उपासमारीने गांजून. पानिपत म्हणजे आधी रसदीचा आणि नकाशाचा पराभव होता, तलवारीचा नंतर. हे निदान काही अंशी समजून घेणारा हा हिंदी व्यावसायिक चित्रपट आहे, म्हणून त्याचे गुण मला दोषांहून जड वाटतात. इब्राहिमखान गारद्याच्या भरवशावर गोलाची लढाई द्यावी की गनिमी काव्याने झुंजावे, हा त्या छावणीतला खरा पेच होता. तो मात्र मनावर ठसत नाही.

आणि येथेच आपल्या चित्रपटांची एक जुनी खोड उघडी पडते. निर्णय दाखवता आला नाही की फितूर शोधला जातो. 'पानिपत'मधील सूरजमल जाटाच्या चित्रणावरून राजस्थानात संताप उसळला आणि चित्रपटाला कात्री लावावी लागली. पानिपतानंतर होरपळून परतणाऱ्या मराठ्यांना याच सूरजमलाने आश्रय दिला होता, हे आपण विसरता कामा नये. २०२५ च्या 'छावा'बाबतही तेच घडले. शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला. संगमेश्वरच्या घटनेत कोणाचा किती हात होता, याविषयी अभ्यासकांत वाद आहेत. पडद्यावर मात्र तो वाद दोन मिनिटांत मिटतो आणि आज त्या आडनावाने वावरणाऱ्या मुलाला वर्गात टोमणे ऐकावे लागतात. चित्रपटगृहातील टाळ्यांची किंमत अशी कोणीतरी बाहेर चुकवत असतो.

'छावा'तील विकी कौशलची मेहनत नाकारण्याचे कारण नाही. अक्षय खन्नाचा थकलेला, शांत औरंगजेब तर त्याहून सरस. पण शंभूराजांची १६८१ ते १६८९ ही कारकीर्द एकाच वेळी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी झुंजण्याची होती. १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय स्वतः फोंड्यावर चालून आला, त्याला माघार घ्यावी लागली आणि मराठी फौजा गोव्याच्या उंबरठ्यावर जाऊन धडकल्या. या राजाचे डोके कसे चालत होते, हे त्यातून उमगले असते. चित्रपटाने आपले बळ राखून ठेवले ते अखेरच्या यातनांसाठी. प्रेक्षक रडत बाहेर पडतो. राजाने नऊ वर्षे राज्य कसे राखले, हे त्याला विचारले तर सांगता येत नाही. याच चित्रपटानंतर बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या शिवारात लोक रात्री मोगलांचे सोने शोधण्यासाठी खणू लागले होते. पडद्याला दस्तऐवज मानण्याची याहून ठळक साक्ष कोणती?

'बाजीराव मस्तानी'वर फार लिहावेसे वाटत नाही. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वर आधारलेली ती देखणी प्रेमकथा आहे. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत बाजीरावाने निजामाला जवळजवळ न लढताच कोंडीत पकडले होते, याचा मात्र तिला गंध नाही. दिग्पाल लांजेकरांचा 'पावनखिंड' संवादांनी जडावलेला आहे, पण बांदलांच्या मावळ्यांना त्याने मान दिला, ही त्याची जमेची बाजू.

निर्णयावर उभा राहिलेला चित्रपट आपल्याकडे होतो का? झालेला आहे. प्रभातचा 'रामशास्त्री', १९४४. गजानन जागीरदार त्यात रामशास्त्री प्रभुणे झाले होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. त्या खुनाचा दोष राघोबादादांच्या तोंडावर सांगणारा न्यायाधीश हा या चित्रपटाचा नायक आहे. कथेचा कळस तलवारीवर न येता निवाड्यावर येतो. चित्रपट निर्दोष नव्हे. तो जागोजागी उपदेशाकडे झुकतो आणि आनंदीबाईंच्या बाबतीत आख्यायिकेचीच वाट धरतो. पण सत्तेपुढे उभ्या असलेल्या एका माणसाला दोन वाटा दिसत आहेत आणि त्यांतली एक त्याच्या चाकरीवर पाणी सोडणारी आहे, हे आपल्याला कळते. शक्य असेल त्यांनी जरूर पाहावा.

एक प्रसंग सुचवून थांबतो. जून १६६५, पुरंदरच्या पायथ्याची मिर्झाराजे जयसिंगांची छावणी. गडावर मुरारबाजी पडले आहेत. महाराज वाटाघाटीसाठी तंबूत आले आहेत आणि तेथूनच मोगलांचा गडावर चाललेला हल्ला त्यांना दिसेल, अशी व्यवस्था जयसिंगांनी मुद्दाम करून ठेवली आहे. त्याच छावणीत मनुची नावाचा व्हेनिसचा एक चौकस माणूस वावरतो आहे. मागणी किल्ल्यांची आहे, आणि त्यासोबत आठ वर्षांच्या शंभूराजांच्या नावे मोगली मनसबदारी. कोणते किल्ले द्यावेत, कोणते राखावेत? एक तंबू, दोन माणसे, २३ किल्ले. यावर बेतलेला चित्रपट माझ्या पाहण्यात नाही.