वाकली म्हणजे मोडली नव्हे

जुन्या इमारतीच्या छतातली लाकडी कैची मधोमध झुकलेली दिसली, की आपल्याकडे पुढचे सगळे ठरलेले असते. इमारत 'धोकादायक' ठरते, कौले उतरतात, सागवान लिलावात जाते आणि वर लोखंडी कैच्या नि रंगीत पत्रे चढतात. याला आपण जीर्णोद्धार म्हणतो. माझ्या मते ही तपासणी टाळण्याची रीत आहे.

लाकूड वर्षानुवर्षे भार सोसताना हळूहळू वाकते. तो त्याचा स्वभाव आहे. ओले असतानाच चढवले असेल तर सुरुवातीला जास्त वाकते आणि पुढे बहुधा स्थिरावते. शंभर वर्षांपूर्वी वाकून थांबलेली कैची आणि गेल्या पावसाळ्यापासून खचत चाललेली कैची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालून मान वर करून पाहिले तर दोन्ही सारख्याच दिसतात. फरक कळायला दोरी ताणून मापे घ्यावी लागतात आणि एक पावसाळा, एक उन्हाळा पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. दोरी स्वस्त आहे. दम कोणाला नाही.

शिवाय दोष बरेचदा वाकलेल्या जागी नसतोच. साध्या त्रिकोणी कैचीतला मधला उभा खांब हा खरे तर खांब नव्हे. तो तुळईवर उभा नसतो, शेंड्यापासून लोंबत असतो आणि खालच्या लोखंडी पट्टीने तुळईला उचलून धरतो. पट्टी गंजली, पाचर सैल झाली, की तुळईला झोळ येतो. त्यात मागाहून कोणी तिला खोटे छत आणि पंखे टांगलेले असतात. किंवा पन्हळ वर्षानुवर्षे गळून भिंतीत गेलेले टोक कुजलेले असते. अपराध पन्हळीचा आणि शिक्षा तुळईला!

यावरचे उपाय साधे आहेत. खालून टेकू द्यायचा, कौलांचा भार उतरवायचा, जॅकने मिलिमीटर-मिलिमीटर उचलायचे आणि सांधे कुरकुरायला लागले की थांबायचे. सरळ करण्याचा हट्ट धरायचा नाही, कारण सांधे आणि भिंती त्या बाकाशी जुळून बसलेल्या असतात. पट्टी आवळायची. कुजलेले टोक तेवढे कापून मुरलेल्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा, बोल्ट मारायचे. कौलांची ओळ सरळ हवी असेल तर वाशांवर पट्ट्या ठोकून उंची भरून काढायची. आणि सगळ्यात आधी पन्हळ दुरुस्त करायची.

एका तालुक्याच्या गावी जुन्या शाळेच्या छताबद्दल मी विचारले होते, "लाकूड कुजलंय किती?" उत्तर आले, "वाकलंय ना, मग झालं!" माळ्यावर कोणी चढलेच नव्हते. पुढे ते सागवान विकले गेले. आज त्या वर्गांत एप्रिलमध्ये पत्रा तापतो आणि जुलैत पावसाच्या आवाजात बाईंचे बोलणे ऐकू येत नाही. वारसा वगैरे सोडून द्या. ही किंमत मुले मोजताहेत. पत्र्याऐवजी स्लॅब टाकावा म्हणाल, तर १२ सेंटिमीटरचा स्लॅब दर चौरस मीटरला ३०० किलो भरतो. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतींना तो पेलेल का, हे आधी त्यांना विचारा.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचे ओकचे छत १४व्या शतकाच्या अखेरचे, रुंदी २० मीटरच्या वर. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर फ्रँक बेन्स यांनी ते तपासले तेव्हा भुंग्याच्या अळ्यांनी लाकडे आतून पोखरलेली निघाली. ते उतरवून नवे घालायला याहून चांगली सबब कोणती? पण एकेक लाकूड पाहिले गेले. निकामी तेवढे बदलले, उरलेल्यांच्या मदतीला पोलाद दिसणार नाही असे बसवले. काम १९२३मध्ये संपले. म्हणजे माझे भांडण पोलादाशी नाही. पोलाद लाकडाला हात देणार की त्याची जागा बळकावणार, एवढाच प्रश्न आहे.

"ते इंग्लंडचं पार्लमेंट, पैसा आहे त्यांच्याकडे," हा आक्षेप ठरलेला. पण आपल्या शाळा-कचेऱ्यांची कैची सहा-सात मीटरची असते आणि लाकूड सागाचे. पैशाचे खरे गणित वेगळे आहे. सल्लागाराची फी खर्चाच्या टक्केवारीत असेल, तर पाचर ठोकायचा सल्ला देऊन त्याच्या हाती काय लागणार? लोखंड किलोवर मोजता येते. सुताराची नजर कशावर मोजणार? आणि उतरवलेल्या जुन्या सागाला चांगला भाव येतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते.

"उद्या पोराच्या डोक्यावर पडलं तर?" हा प्रश्न मात्र खरा आहे. त्याचे उत्तर: शंका असेल तर आजच टेकू द्या, वर्ग दुसरीकडे हलवा. टेकू एका दिवसात लागतो. त्यानंतर विचार करायला वेळच वेळ असतो, आणि तोच आपल्याला नको असतो. सुतार मिळत नाहीत म्हणता? वीस-पंचवीस वर्षे त्यांना हे काम दिले नाही, तर ते मिळतील कसे?

माझी मागणी छोटी आहे. 'धोकादायक' हा शब्द लिहिणाऱ्याने आधी शिडी लावून माळ्यावर चढावे. प्रत्येक कैचीला क्रमांक द्यावा आणि त्यापुढे वाक किती, वाढतोय की थांबलाय, टोक कुजलेय का, पट्टी घट्ट आहे का, हे लिहून खाली सही करावी. त्यानंतरही उतरवावीच लागली तर उतरवा. न बघता मात्र नाही.