ध्वनिमुद्रिका आणि पाठचिकित्सा

'गीतरामायण' शिकविताना आपण ग. दि. माडगूळकरांचा मुद्रित पाठ तेवढा प्रमाण मानतो. वस्तुतः ही ५६ गीते १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रथम प्रसृत झाली ती अनेक गायक-गायिकांच्या कंठांतून. पुढे एल. पी. तबकड्यांवर ती आली, ती कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडके यांच्या एकट्याच्या स्वरात. सीतेचा उद्गारही तेथे पुरुषकंठातून येतो. हा पाठभेदच नव्हे काय?

अशा तबकड्या घरच्या संगणकावर उतरवून घेण्याचा उद्योग आता पुष्कळजण करतात. तो स्वागतार्हच आहे. मात्र खरखर घालविण्याच्या हौसेत आपला पुरावाच पुसला जातो, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. तबकडीची खरखर आणि ऊष्मवर्णांचा घर्षणध्वनी यांचा वास बव्हंशी एकाच उच्च कंपनपट्ट्यात असतो. संगणकाची गाळणी जरा कडक लावली की 'स', 'श' बोथट होतात. 'चार'मधील तालव्य आणि 'चारा'मधील दंत्य च यांतील अंतर धूसर होते. उच्चाराचा अभ्यास करू पाहणाऱ्याने मग काय ऐकावे? (माझ्या संग्रहातील काही गीते अशीच 'स्वच्छ' झाली आहेत. ती आता केवळ करमणुकीची.)

म्हणून पहिली प्रत खरखरीसह, असंक्षेपित स्वरूपात जपावी. श्रवणसुखासाठी दुसरी खुशाल करावी. तबकडीवरील क्रमांक, वेष्टनावरील मजकूर, वापरलेली सुई आणि गती यांची नोंद सोबत हवी. लघुप्रबंधात गीत उद्धृत करणाऱ्या विद्यार्थ्याकडे आपण ग्रंथाची आवृत्ती मागतो. तबकडीचा क्रमांक मात्र अद्याप कोणी मागत नाही.