डोळ्यांत भरणारा नको, कामाला येणारा संगणक हवा

सुगीचा पैसा हाती आला की घरात मागण्यांची रांग लागते. छपराचे पत्रे बदलायचे असतात, विहिरीवरची मोटार दुरुस्तीला आलेली असते, आणि आताशा त्यात आणखी एक मागणी असते : "आम्हाला संगणक घ्या." मुलांची ही मागणी काही वावगी नाही. प्रवेशाचे अर्ज, परीक्षेचा सराव, टंकलेखन, घरचा हिशेब, सारे त्यावर होते. पण दुकानदार देईल तो उचलून आणलात, तर पैसे संगणकाचे जातील आणि घरात येईल नुसती रोषणाई. म्हणून सुटे भाग पारखून, बेताच्या पैशांत संगणक कसा जुळवून घ्यावा, ते आज पाहू.

सर्वांत आधी घरी बसून काम ठरवा. मुलीला टंकलेखन, इंटरनेट, हिशेबाचे तक्ते आणि प्रोग्रॅमिंग शिकायचे असेल, तर वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मोठ्या खेळांच्या संगणकात सर्वांत महाग भाग बहुधा तोच असतो. तेवढा वगळला की निम्मी लढाई जिंकलीच म्हणा.

आता प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू. इथे नावाला भुलू नका. "आय-7 देतो, तोही स्वस्तात," असे कुणी म्हटले तर पुढचा आकडा विचारा. आय-7-2600 हा 2011 सालचा आहे आणि आय-3-12100 हा 2022 सालचा. नावाने धाकटा असला तरी हा आय-3 त्या जुन्या आय-7 ला सहज मागे टाकतो आणि वीजही कमी खातो. शेवटचे अक्षरही वाचा. आय-3-12100 च्या पुढे "एफ" असेल, तर पडद्यावर चित्र दाखवण्याची सोय त्यात नसते. वेगळे कार्ड घ्यावेच लागते. एएमडीच्या रायझन 5-5600 मध्येही ती सोय नाही, 5600जी मध्ये मात्र आहे. एका अक्षराने काही हजारांचा फटका बसतो, तो असा.

मदरबोर्ड प्रोसेसरच्या जोडीचाच हवा. जू बैलांच्या मापाचे नसेल तर उपयोग काय? आय-3-12100 ला एलजीए-1700 खाच लागते, 5600जी ला एएम-4. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. रॅमचेही तसेच. डीडीआर-4 ची पट्टी डीडीआर-5 च्या खाचेत जात नाही. तेव्हा हे तीन भाग एकत्रच ठरवा.

2025 च्या अखेरीस रॅमचे भाव फार चढले. पैसे कमी पडत असतील तर 8 जीबीची एकच पट्टी घ्या, पण मदरबोर्डवर दुसरी खाच रिकामी राहील असे पाहा. पुढच्या हंगामात तशीच दुसरी पट्टी घातली की 16 जीबी होईल आणि जोडीने काम वेगातही होईल.

साठवणीसाठी मोठ्या हार्ड डिस्कच्या मोहात पडू नका. त्यापेक्षा 500 जीबीची एसएसडी बरी. जागा कमी, पण संगणक काही क्षणांत सुरू होतो आणि हातात काम घेतल्यासारखे वाटते.

आता त्या भागाकडे येऊ, ज्यावर सर्वांत जास्त काटकसर होते आणि सर्वांत जास्त पस्तावा होतो. तो म्हणजे पॉवर सप्लाय. तो पेटीच्या आत असतो, त्यामुळे तो काही डोळ्यांत भरत नाही. दुकानदारही कॅबिनेटबरोबर कुठला तरी हलका नग देऊन मोकळा होतो. शहरात एक वेळ तो चालून जाईल. आपल्याकडे शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की दिवे मिणमिणतात, बंद झाल्या की दाब एकदम चढतो. ते सारे धक्के आधी हाच भाग सोसतो. तो हलका असला आणि जळाला, तर जाताना मदरबोर्डही घेऊन जाऊ शकतो. म्हणून नामांकित कंपनीचा, "80 प्लस" छाप असलेला आणि 100 ते 240 व्होल्ट असे छापलेला नग घ्या. वेगळे कार्ड नसेल तर 450 वॅट भरपूर झाले.

जोडीला यूपीएस हवाच. 600 व्हीए म्हणजे 600 वॅट नव्हे; साध्या यूपीएसवर बहुधा 360 वॅट लिहिलेले असते. वीज गेल्यावर काम जतन करून संगणक नीट बंद करायला तेवढे पुरते. आणि घरच्या तीन टोकी सॉकेटला खरे अर्थिंग आहे का, हे तारतंत्र्याकडून आधी तपासून घ्या. पुष्कळ घरांत तिसरे छिद्र नुसते शोभेचे असते. पेटीला हात लावताच झिणझिण्या आल्या तर ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही. लेकरे तिथेच बसणार आहेत.

मग पैसा वाचवायचा कुठे? रंगीत दिव्यांच्या पंख्यांवर, काचेच्या कॅबिनेटवर, चकाकत्या कीबोर्डवर. पोळ्याला शिंगांची बेगड शोभते, नांगराला मात्र खांदाच लागतो. मॉनिटर कुणाचा चांगल्या अवस्थेतला जुना मिळाला तरी चालेल.

कार्यालयांतून निघालेले जुने संगणकही स्वस्तात मिळतात. ते घेताना एक ध्यानात ठेवा. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 साठी इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना असेल तर लिनक्स घाला. ते फुकट मिळते आणि शिकणाऱ्याला उपयोगीही पडते.

खरेदीला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा की जिल्ह्याच्या गावी, यादी लिहून न्या, दोन-तीन दुकानांत भाव विचारा आणि मुलीलाही बरोबर न्या. भाग समोर जुळवून घ्या. पक्क्या पावतीवर प्रत्येक भागाचे नाव आणि क्रमांक लिहून घ्या, कारण हमी प्रत्येक भागाची वेगळी असते. आणि घरी आल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी, वीज बंद करून, मऊ ब्रशने आतली धूळ झाडा. खळ्याच्या दिवसांत तर विसरू नकाच.